हुक्केरीकरांची साखर

"निळंच आहे की हो, सर," मल्लाप्पा कंपाउंडर म्हणाला आणि त्याने काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली.

उमाकांत हुक्केरीकर बाकावरून उठला. नळीतलं पाणी निळं होतं, अगदी दृष्ट लागण्यासारखं निळं. ते पाहून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो बावचळला.

"नीट तापवलंस का?"

"उकळी फुटली की. अजून किती तापवू? चहा टाकू काय ह्यात?" मल्लाप्पा निपाणीकडचा. मराठी माणूस दिसला की त्याच्या जिभेला धार यायची.

कारखान्याच्या दवाखान्यात लघवी तपासण्याची ही रीत होती. निळं औषध घालून नळी तापवायची. साखर नसली तर रंग निळाच राहतो, असली तर हिरवा, पिवळा होत जातो आणि फार असली तर विटेसारखा लाल होतो. गेल्या गणपतीनंतर हुक्केरीकरांच्या नावाची नळी भट्टीतून काढलेल्या विटेसारखी लाल झाली होती. तेव्हापासून आजपर्यंत उमाकांत इकडे फिरकला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडले, पण पथ्य जरा अंगी मुरू दे, मग जाऊ, असं तो म्हणायचा. अभ्यास झाल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही हा त्याचा शाळेपासूनचा बाणा.

मद्रासकडचे डॉक्टर इंग्रजीतून बोलत. त्यांनी नळी पाहिली, उमाकांतकडे पाहिलं आणि पुन्हा नळीकडे पाहिलं. गोंधळ आता दोघांचा झाला.

"नुसत्या पथ्यानं इतकं साफ होत नाही सहसा," ते म्हणाले. "असं करा, आज गोड खा. चांगलं पोटभर खा. जेवणानंतर दोन तासांनी बाटली भरा आणि उद्या घेऊन या. उद्याही निळं राहिलं तर मी म्हणेन, तुम्हांला काहीही झालेलं नाही."

"पण सर, झालं होतं ना?"

"तेच मला कळत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

कारखान्याच्या बसमधून मल्लेश्वरमला परतताना उमाकांतच्या डोक्यात भुंगा शिरला. तो कारखान्यात तपासनीस होता. यंत्राचा पुर्जा मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. झालं होतं पण नव्हतं, अशी भानगड त्याच्या खात्यात चालत नसे. आणि ह्या साखरेपायी त्याने घराचा सगळा कारभार फिरवला होता! लाल नळीची बातमी आली त्या आठवड्यात साखरेचा डबा शेजारी गेला. भात एकवेळचा झाला. सल्ला देणाऱ्यांना तर ऊत आला. डॉक्टर म्हणाले गहू खा, शेजारचे शेषगिरीराव म्हणाले नाचणीसारखं औषध नाही, चिकपेटेतला वैद्य म्हणाला जांभळाच्या बिया आणि मेथी, बसमधले सोबती म्हणाले कारल्याचा रस. कोणाचं ऐकावं ते न कळल्यामुळे उमाकांतने सगळ्यांचं ऐकलं. संक्रांतीला हुक्केरीकरांच्या घरी नुसते तीळ वाटले गेले. "गूळ कुठाय?" असं विचारणाऱ्यांना उमाकांत म्हणे, "गोड बोलायला गूळ कशाला लागतो?" लोक चावत चावत निघून जात.

आणि पहाटेचं चालणं! सँकी तलावाला फेरी. पुढे माकडटोपी घातलेला उमाकांत, मागे पेंगुळलेली मुलगी नयना, आणि तिच्याही मागे प्रेमा, नऊवारी लुगड्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. बूट उमाकांतनेच आणले होते. "एकट्यानं पथ्य होत नसतं. घर चाललं तर माणूस चालतो," हे त्याचं तत्त्वज्ञान. पहिल्या दिवशी गल्ली खिडक्यांत गोळा झाली होती. हळूहळू गल्लीला सवय झाली आणि हुक्केरीकरांनाही. नयनाचा सततचा खोकला गेला. उमाकांतचं पोट आत गेलं. प्रेमा पुढे पुढे सरकत कधी त्याच्या बरोबरीने चालू लागली, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

एकच गोष्ट त्याला छळत असे. तहान लागेल, थकवा येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्याला यातलं काहीच होत नव्हतं. तहान लागली का हे बघायला तो पाणी पिऊन बघे.

गल्लीच्या तोंडाशी शेषगिरीराव भेटले. हुबळीला रेल्वेत वर्षं काढलेली असल्यामुळे ते मराठी बोलत, मोडकं पण प्रेमाचं.

"काय हुक्केरीकर, तोंड असं का?"

"साखर गेली म्हणतात, राव."

"गेली? अरे, मग रडताय काय? मी म्हटलो नव्हतो, नाचणी, नाचणी!" शेषगिरीरावांनी भर रस्त्यात त्याची पाठ थोपटली. "आमच्या मथुराला सांगतो. आज खीर, पायस पाहिजेच!"

त्या थापेसरशी उमाकांतच्या डोक्यातला भुंगा एकदाचा उडाला. खरंच की! साखर गेली! तो तसाच मागे वळला, मिठाईवाल्याकडून म्हैसूरपाकाचा पुडा घेतला, वाण्याकडून साखर घेतली आणि नव्या नवरदेवासारखा घरी आला.

"प्रेमा! अगं, शिरा टाक! निळं निघालं, निळं!"

प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुड्याकडे पाहिलं. नयनाला असल्या गोष्टी नाकाने कळत. ती धावत आली, तिने पुडा फोडला आणि बेत बदलायच्या आत दोन वड्या उचलून मैत्रिणीकडे पळाली.

"शिरा नको," प्रेमा म्हणाली.

"नको काय? डॉक्टरांनीच सांगितलंय, पोटभर गोड खा म्हणून."

"तुम्ही खावा की. बाहेर खाऊन या. घरात नको."

"अगं, पण साखर नाहीच आहे मला! कळतंय का? उद्यापासून पूर्वीसारखं. भात दोन्ही वेळा, चहात दोन चमचे. पहाटेचं चालणंही बंद, गाढ झोपायचं."

प्रेमा खाली बसली. बसली कसली, दाराच्या चौकटीला धरून खाली घसरली. उमाकांतला वाटलं, आनंदाने. मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि हा आनंद नाही एवढं त्याला कळलं. पण मग हे काय आहे? नवऱ्याचा रोग गेला म्हणून रडणारी बाई त्याने आजवर पाहिली नव्हती.

"काय झालं तुला?"

"ती बाटली तुमची नव्हतीच हो," प्रेमा म्हणाली. "माझी होती."

"कुठली बाटली?"

"गणपतीनंतरची. कारखान्यात तपासायला दिलेली."

गेल्या वर्षी कारखान्याने आरोग्य सप्ताह भरवला होता. कामगाराने लघवी तपासून घ्यायलाच हवी होती, बायकोने दिली तर दिली. उमाकांत पहाटेच्या पाळीला गेला होता आणि दोन्ही बाटल्या घेऊन प्रेमा बायकांच्या बसने मागून जाणार होती. एवढं त्याला आठवत होतं.

"मी भरून ठेवली होती की माझी. मोरीच्या कट्ट्यावर."

"ठेवला होतात. मी मोरी धुताना ती माझ्या हातून कलंडली. तुम्ही गेलेला. बाटली दिली नाही तर फोरमन चारचौघांत नाव घेतो म्हणून तुम्हीच सांगितला होतात. मग मी माझीच दिली, तुमची म्हणून. म्हटलं, एका चुलीवरचं खातो आपण दोघं. फरक काय पडतोय?"

एक पुर्जा तीनदा मोजल्याशिवाय उमाकांत सही करत नसे. आणि स्वतःच्या जिवाचं माप त्याने एका बाटलीवर, तीही न बघता, मान्य केलं होतं.

"म्हणजे मला कधी साखर नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि मी कारल्याचा रस पीत बसलो? रोज? नाक धरून?"

"मीपण पीत होते की."

हे खरं होतं. उमाकांतला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. पतिव्रता म्हणतात ती हीच, असं त्याने बसमध्ये दोघातिघांना सांगितलंही होतं. ते आठवून त्याला आता राग आला. कोणाचा, ते त्याला नीट कळेना.

"लाल निघालं तेव्हाच का सांगितलं नाहीस? मी काय खाल्लं असतं तुला?"

प्रेमाने पदराने तोंड पुसलं. मग ती अगदी साध्या आवाजात, निवडणं निवडत बोलावं तशी बोलू लागली.

"आमच्या आईला साखर होती. गोकाकच्या डॉक्टरनं सांगितलं, गोड बंद, भात कमी, रोज चाला. आप्पाजी म्हणाले, सरी, बरं, बंद कर तू. डॉक्टरनं तुला बंद केलंय, घराला नव्हे. मग आईच पुरण वाटायची, आईच लाडू वळायची. सगळ्यांचं वाढून झालं की पातेल्यात काही उरलेलं असायचं. अन्न टाकवत नसे तिला. स्वल्प स्वल्प करत तेच खायची. आणि चालायला कुठं जाणार? मागं चूल कोण बघणार? आप्पाजी वाईट नव्हते हो. सारखं म्हणायचे, अगं, पथ्य पाळ की जरा." ती थांबली. "आधी बोट काळं पडलं. मग पाय गेला. मग आई गेली."

सासूबाई पायाला काही होऊन गेल्या, एवढंच उमाकांतला माहीत होतं. त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तुमची साखर निघाली म्हटल्यावर चार दिवसांत घर बदललं," प्रेमा म्हणाली. "पातेल्यात उरतच नाही आता काही गोडाचं. तुम्ही मला बूट आणलात. रोज सांगायचं ठरवत होते मी, खरंच ठरवत होते. पण तुम्ही हाक मारायचा, चला, चला, आणि मी उठून चालायला लागायची. माझी साखर आहे म्हणून कळलं असतं, तर आणला असतात बूट?"

आणले असते, असं उमाकांतला म्हणायचं होतं. पण आधी त्याने मनात सगळं मांडून पाहिलं. प्रेमाला साखर निघाली आहे, आपण हळहळलो आहोत, तिला म्हणतो आहोत, सांभाळ हो, गोड खाऊ नकोस. आणि मग ताटावर बसून विचारतो आहोत, आज शिकरण नाही का? हे चित्र त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याला लाज वाटली. गणपतीपासून मनातल्या मनात तो मरणाला भीत आला होता. ती भीती आता पुन्हा आली, पण ह्या वेळी स्वतःसाठी नव्हती. आणि ती कितीतरी जास्त होती.

एवढ्यात बाहेरून हाक आली. "हुक्केरीकर! प्रेमाक्का!"

शेषगिरीराव आणि मथुराक्का दारात उभे होते. मथुराक्कांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं आणि शेवयांच्या पायसाचा वेलचीचा वास त्यांच्याही आधी घरात शिरला होता. प्रेमा घाईघाईने उठली आणि डोळे पुसत आत गेली.

"घ्या!" शेषगिरीराव म्हणाले. "बदाम घातलाय. साखर गेल्याचं पायस!"

उमाकांत दारात आडवा उभा राहिला. आयुष्यात त्याने खोटा पुर्जा कधी पास केला नव्हता. त्याचे कान तापले.

"नाही गेली, राव," तो म्हणाला. "दवाखान्यात नळ्यांची गडबड झाली होती. दुसऱ्याच कोणाचं निळं मला सांगितलं. आहे. माझी साखर आहे तशीच आहे."

"अय्यो," शेषगिरीराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा पार पडला.

मथुराक्का मात्र घरसंसाराच्या बाई. त्या त्याला वळसा घालून आत निघाल्या. "पाप, बिचारे, पथ्य ह्यांना, आणि तुम्ही किती दिवस कोरडं खायचं हो प्रेमाक्का? साखर त्यांना आहे. तुम्ही तगोळ्ळी, घ्या एक वाटी. माझ्यासमोर खा."

स्वयंपाकघराच्या दारात प्रेमा वाटीकडे बघत थिजली. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं.

"नको, अक्का," उमाकांत मोठ्याने म्हणाला. "मी खाल्ल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही."

मथुराक्का थबकल्या. त्यांनी उमाकांतकडे बघितलं, मग आपल्या नवऱ्याकडे असं काही बघितलं की शेषगिरीराव उगाच खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले. थोड्या वेळाने दोघं पातेलं घेऊन परत गेले.

उमाकांत म्हैसूरपाकाचा पुडा परत बांधू लागला. दोरीची गाठ त्याला जमेना.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं," तो म्हणाला. "तुझ्या नावाची बाटली मी देणार आहे. मल्लाप्पाच्या हातात, मीच."

"आणि शेजारी काय सांगायचं?"

"शेजारी साखर माझीच राहू दे."

प्रेमाने मान हलवली. वाण्याकडून आणलेल्या साखरेची पुडी तिने उचलली आणि सकाळी परत द्यायला म्हणून ती उंच फळीवर ठेवायला हात वर केला. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटावरून खळकन घसरल्या आणि थेट कोपराशी जाऊन थांबल्या.

गणपतीत ह्याच बांगड्या तिच्या मनगटावर घट्ट बसत होत्या. उमाकांतने त्या वाळलेल्या हाताकडे बोट केलं.

"हे कधीपासून?"

"काय?" प्रेमाने वळून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.