नाण्याएवढं

ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब पडत होते आणि प्रयोगशाळेतले जुने केमिस्ट चहूकडे गुलाबी रंगाची वाट पाहत उभे होते.

साबणाच्या कारखान्यात तेलाचा टँकर आला की बाटलीभर तेल आधी प्रयोगशाळेत येतं. ते कितपत खवट झालंय हे पाहायचं असतं. काम अगदी साधं. तेल स्पिरिटमध्ये मिसळायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. तेलातलं आम्ल संपलं की फ्लास्कमध्ये गुलाबी रंग येतो. नळीतलं पाणी जितकं कमी लागेल तितकं तेल चांगलं. चहूकडेंनी हे काम इतक्या वेळा केलं होतं, की एरवी त्यांचा हात तोटीवर असायचा, नजर फ्लास्कवर, आणि तोंड तिसऱ्याच विषयावर चालू असायचं.

आज तोंड बंद होतं. नळी अर्धी रिकामी झाली, रंग आला नाही. बाहेर टँकरवाल्याने हॉर्न वाजवला. नळी तळाला आली तरी फ्लास्कमधलं पाणी आपलं पिवळट ते पिवळटच.

"तेल साफ खराब आहे," चहूकडे म्हणाले. "टँकर परत पाठवा."

नवी केमिस्ट टेबलापलीकडून उठून आली. पोरगी हुशार होती आणि चहूकडेंवर तिचा जीव होता. तिने फ्लास्ककडे पाहिलं, मग इंडिकेटरच्या बाटलीकडे. बाटलीचं बूच लागलेलंच होतं.

"काका, इंडिकेटर घातलात का?"

तिने दोन थेंब टाकले. फ्लास्क भडक, अगदी राणी रंगाचा झाला. ती खळखळून हसली.

"काका, आज अमेरिकेच्या कुठल्या वसाहतीत गेला होतात? बसा तुम्ही, मी परत लावते."

चहूकडेही हसले. न हसून करणार काय? हात मात्र त्यांनी कोटाच्या खिशात घातले. इंडिकेटर घालायला विसरणं ही काही मोठी गोष्ट नव्हे, ते कुणीही विसरतं. पण चहूकडे विसरले नव्हते. नळी रिकामी होत असताना त्यांनी ती बाटली पाहिली होती, तिच्यावरचं नाव वाचलं होतं, आणि ही कशाला असते हेच त्यांना कळलं नव्हतं.

चहूकडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्याने ठेवलेलं नाव ते. माणूस एका जागी ठरत नाही, सगळीकडे तोंड घालतो, म्हणून कुणीतरी चिकटवलं आणि हळूहळू पाटीवरचं खरं नाव लोक विसरूनच गेले. शेअर बाजाराचं विचारा, ते सांगत. अमेरिका स्वतंत्र होण्याआधी तिथे वसाहती होत्या, तिथली माणसं काय खात, कर्जं कशी घेत, भांडत कशी, हे न विचारताही सांगत. रसायनशास्त्र तर पोटापाण्याचंच. आणि केस पिकल्यावर ते स्वतःच्या स्वतः वेबसाइट बनवायला शिकले होते. पहिल्या पानावर चार रंगांचे चार चौकोन, एकेका विषयाचा एकेक. बघायला कुणी फारसं फिरकत नसे. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

लोकांना हे चार विषय दिसत. चहूकडेंना ती एकच वाट दिसे. ऐन उमेदीत रद्दीच्या ढिगात त्यांना कव्हर फाटलेलं एक पुस्तक सापडलं होतं. समुद्र ओलांडून गेलेली ती माणसं चुलीतली राख आणि चरबी वापरून घरीच साबण करत, असं त्यात होतं. साबणवाल्याला आणखी काय हवं? रसायनातून ते असे इतिहासात शिरले. तिथे नाणी नव्हती म्हणून लोक तंबाखूने देणी फेडत, पुढे सैनिकांचा पगार भागवायला एका वसाहतीने कागदाच्या नोटा छापल्या, हे वाचून ते पैशाच्या मागे लागले. आणि हे सगळं ऐकायला घरीदारी कुणी तयार नव्हतं, म्हणून वेबसाइट. इथून तिथे आपण कसे पोचलो, हे त्यांना दर वेळी ठाऊक असे. भटकत असले तरी ते कधी हरवले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरने डबा उघडला आणि नेहमीसारखी कळ दाबली. "चहूकडे, आमच्या मेव्हण्याने सगळा पैसा सोन्यात घातलाय. बरं केलं का हो?"

"सगळा एकाच जागी? वेडा की खुळा?" चहूकडे खुलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. "अहो, त्या तंबाखूवाल्यांचं काय झालं? तंबाखू म्हणजेच पैसा. मग जो तो उठला आणि तंबाखू लावत सुटला. भाव कोसळला. म्हणजे खिशातला पैसाच कोसळला की!"

"आणि साबणाचं सांगा ना, ते अंड्याचं," नवी केमिस्ट म्हणाली. सकाळचं भरून काढायला म्हणून तिने मुद्दाम विचारलं असावं.

"ते होय? राखेवर पाणी ओतायचं, खालून निथळेल ते धरायचं. ते पाणी कडक झालं की नाही, कळणार कसं? ना ब्युरेट, ना इंडिकेटर. मग त्यात अंडं सोडायचं. बुडालं तर पाणी कच्चं. तरंगलं आणि वर नाण्याएवढं टोक दिसलं, तर पक्कं. नाण्याएवढं, बरं का! आमच्या घरी हिला हजारदा सांगून झालं, तरी ती नखाएवढं म्हणते. मुद्दाम. मी चिडतो ना, म्हणून."

"आणि चिडता?"

"दर वेळी!"

सगळे हसले. चहूकडेंनी घास उचलला आणि म्हणाले, "तर मुद्दा असा की…"

मुद्दा नव्हता. हातात घास होता, समोर तीन-चार चेहरे होते, आणि आपण सोन्यावरून इथे आलो की साबणावरून, की आणखी कशावरून, हे पुसून गेलं होतं. मागे वळून पाहावं तर वाटच नाही.

"गेली गाडी!" स्टोअरकीपरने टाळी वाजवली. "चहूकडे, आता कुठलं स्टेशन?"

ते हात धुवायला उठले तेव्हा स्टोअरकीपर मागोमाग आला. नळाशी दुसरं कुणी नव्हतं. चहूकडेंनी धीर केला.

"ऐक ना. मला हल्ली मधूनच काही आठवत नाही. म्हणजे विसरतो तसं नाही. मधला तुकडाच जातो."

"काय सांगता! मला तर बायकोचा वाढदिवस आठवत नाही, चार दिवस अबोला होता घरात," स्टोअरकीपर म्हणाला. "अहो, तुमचं डोकं कधी एका जागी होतं का? ते जागेवर आलं तर सांगा, तेव्हा काळजी करू."

तो त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला. चांगला माणूस होता, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण चहूकडे नळ तसाच वाहता ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. जन्मभर ज्या खोडीवरून लोक हसले, तीच खोड आता या दुखण्यावर पांघरूण घालत होती. एका मार्गाने जाणारा माणूस चुकला असता तर चार जण धावले असते. आपण चुकलो तर लोक म्हणणार, चहूकडेच ते! आणि आज दोन थेंबांवाचून चांगल्या तेलाचा टँकर परत गेला असता. उद्या उलटं होईल. कॉस्टिकच्या हिशेबात चूक होईल, तो साबण कुणाच्या तरी कातडीवर जाईल, तेव्हाही लोक हसणार का?

दुपारभर त्यांनी कशाला हात लावला नाही. काचेची भांडी तेवढी धुतली. मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घेत राहिले. इंडिकेटर कशाला? रंग दाखवायला. नोटा कशाला छापल्या? पगाराला. उत्तरं पटापट येत होती, आणि पटापट येत होती म्हणूनच चहूकडेंचा त्या उत्तरांवर विश्वास बसेना.

घरी आले तेव्हा बायको खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची. मांडीवर कुणाचा तरी निळा पडदा होता आणि तोंडात टाचण्या.

"अगं, मला काहीतरी होतंय," ते चपलाही न काढता म्हणाले.

"ते लग्नाच्या आधीपासून होतंय," ती टाचण्यांमधून म्हणाली. मशीन चालूच होतं.

"थट्टा नको."

"साखर आणायला गेलेला माणूस फाटकं पुस्तक घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं होतं."

"थट्टा नको म्हटलं ना!"

ते इतक्या जोराने ओरडले की मशीन थांबलं. असे ते कधी ओरडत नसत. अंडं आणि नखाचं सोडून.

मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. टँकर, बूच लावलेली बाटली, हातातला घास. "आधी मी कुठेही गेलो तरी कुठून आलो ते माहीत असायचं. आता नुसता पोचलेला असतो. कुणाला सांगावं तर हसतात. तूसुद्धा हसतेस. मला भीती वाटतेय गं. फार भीती वाटतेय."

बायकोने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. तिला घाई दिसत नव्हती.

"उन्हाळ्यात एका संध्याकाळी तुम्ही मला त्या तंबाखूवाल्यांची गोष्ट सांगितलीत," ती म्हणाली. "मग चहा झाला. आणि तुम्ही तीच गोष्ट पहिल्यापासून परत सांगितलीत."

चहूकडे तिच्याकडे बघत राहिले.

"मग तू थांबवलं का नाहीस?"

"तुम्हाला इतका आनंद होत होता सांगताना."

"म्हणजे तुला माहीत होतं. उन्हाळ्यापासून. आणि तरी हसत होतीस?"

"हसायचं थांबले असते तर मग काय केलं असतं मी?" पडद्याचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "मलाही वाटत होतं, चहूकडेच आहेत, असेच आहेत. रोज स्वतःला तेच सांगत होते."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आश्चर्य म्हणजे चहूकडेंच्या छातीवरचं ओझं जरा हललं. भीती होती तिथेच होती, पण आता तिच्याजवळ दोघं बसले होते.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," बायको म्हणाली.

"आधी कारखान्यात जाईन. साहेबांना सांगतो, तपासणीच्या कागदावर आता माझी सही नको. ती पोरगी करेल. तिचा हात चांगला आहे."

"मी येऊ बरोबर?"

"नको. ते मीच सांगायला हवं."

तिने मान डोलावली. मग पडदा बाजूला ठेवून उठली आणि त्यांचा कॉम्प्युटर तिने स्वतःच चालू केला. आजवर तिने त्याच्यावरची धूळ पुसली होती, तेवढाच तिचा त्याच्याशी संबंध. स्क्रीनवर चार चौकोन उमटले.

"साबणाचं पान कधीचं अर्धं राहिलंय म्हणत होता ना? करा पुरं. मी बसते इथे."

चहूकडेंनी चष्मा लावला. पान उघडलं. राखेच्या पिंपापर्यंत मजकूर होता. ते मोठ्याने बोलत टाइप करू लागले. "राखेवर पाणी ओतायचं. खालून निथळेल ते धरायचं. आणि मग…" बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मग काय गं?"

"मग त्यात अंडं सोडायचं," बायको म्हणाली.

"हो, हो. अंडं."

"बुडालं तर पाणी कच्चं. तरंगलं तर पक्कं."

त्यांनी टाइप केलं. अक्षरं एकेक करून उमटत गेली.

"आणि वर टोक दिसायला हवं," ती म्हणाली. जरा थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नखाएवढं."

ती वाट पाहत होती. कशाची ते चहूकडेंच्या लक्षात आलं नाही. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरच होते.

"नखाएवढं," ते म्हणाले. "बरोबर."

आणि त्यांनी तसंच टाइप केलं. बायको त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिने ते वाक्य दुरुस्त केलं नाही.