यिंतेच्या डोळ्यांवरची पट्टी

मी एक पोस्टर बोलतोय. कागदाचा नाही, कापडाचा. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका खेड्यात, ओबे आजोबांच्या सायकलींच्या खोपटात माझा मुक्काम आहे. माझ्यावर पुष्कळ काही छापलेलं आहे, पण मला वाचता येत नाही. लोक बोलतात ते ऐकतो आणि लक्षात ठेवतो, एवढंच.

माझ्या मधोमध एका मुलीचा चेहरा आहे, खऱ्या चेहऱ्याएवढा. ही यिंते, ओबेंची नात. तिला जन्मापासून एक आजार आहे. शरीर घडवणाऱ्या सूत्रातच कुठेतरी एक अक्षर चुकलं, असं म्हणतात. इतका विरळा आजार, की तो असलेली मुलं साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. तिचं हृदय नाजूक आहे. ते वरचेवर दवाखान्यात जाऊन तपासावं लागतं. त्यात हयगय चालत नाही.

अशा मुलांच्या घरच्यांनी मिळून एक संघ काढला आहे. तो दर वर्षी एका होतकरू संशोधकाला प्रवासाची शिष्यवृत्ती देतो. दूरच्या परिषदेला जा, आमच्या मुलांसारखं मूल कुणी पाहिलंय का विचारून या, एवढंच मागणं. तिच्या पैशांसाठी वर्ष सरताना, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, ओबे गावच्या चौकात उभे राहून मनुके घातलेले गोळे तळतात आणि पिठीसाखर भुरभुरवून विकतात.

त्या वर्षी शिष्यवृत्ती हिस्केला मिळाली. जवळच्या ग्रोनिंगन शहरातल्या दवाखान्यात नुकतीच लागलेली, उंच, घाईघाईनं बोलणारी मुलगी. ओबे तिला म्हणाले, "माझ्या दाढीला अजून तेलाचा वास येतोय, पोरी. नुसती हिंडून येऊ नकोस हं!"

"नाही येणार," हिस्के म्हणाली. मनापासून म्हणाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती वाईट नव्हती.

परिषदेत लावण्यासाठी मला छापायला देताना तिनं यिंतेच्या फोटोत डोळ्यांवर एक काळी पट्टी ओढली. आईनं फोटोला परवानगी दिलेली होती. तरी मुलीची ओळख झाकावी, अशी डॉक्टरांची जुनी रीत. शाई माझ्या धाग्याधाग्यात उतरली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. नव्या कापडाला काय कळतं?

व्हिएन्नाच्या परिषदेत मी ताठ उभा होतो. हातात कॉफीचे पेले घेऊन माणसं येत, यिंतेच्या चेहऱ्यावर बोट ठेवत. "कान जरा खाली आहेत. नाकाचा दांडा बसका." मला वाटे, किती लोक मला बघायला येतात! मी मिरवत होतो. आता ते आठवलं की माझ्या घड्या आपोआप आवळतात.

एक इटालियन डॉक्टरबाई मात्र माझ्यापुढून हलेनात. "हा जिवणीचा आकार माझ्या ओळखीचा आहे. माझ्याकडे एक मुलगा येतो, एनेआ. अगदी असाच." हिस्केनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. तिला रडू आवरेना. यिंतेसारखं दुसरं मूल सापडलं होतं. प्रवासाचं सार्थक झालं होतं.

संघाची एक अट असते. परतल्यावर तेच पोस्टर मुलांच्या मेळाव्यात लावायचं आणि साध्या शब्दांत समजावून सांगायचं. गावच्या सभागृहात वाटाण्याच्या सूपचा वास सुटला होता. कॉफीबरोबर प्रत्येकाला एकेक बिस्किट देऊन डब्याला लगेच झाकण लागलं होतं. हिस्के एनेआची बातमी सांगायला नुसती उतावीळ झाली होती. तेवढ्यात नऊ वर्षांची यिंते माझ्यापुढे येऊन थांबली.

"हा माझा पिवळा स्वेटर."

"हो, तूच आहेस ती," हिस्के हसून म्हणाली.

"मग माझे डोळे कुणी खोडले?"

आमच्याकडे पेपरात चोरी-दरोड्याच्या बातमीत पकडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अशीच पट्टी असते, आणि नावापुढे आडनावाचं एकच अक्षर. ओबेंना वाटलं, पोरीला हसवावं. ते मोठ्यानं म्हणाले, "यिंते व्ही., वय वर्षं नऊ! डब्यातलं दुसरं बिस्किट पळवल्याचा संशय!"

सगळे हसले. यिंते हसली नाही.

"अगं, कुणी तुला ओळखू नये म्हणून," हिस्के घाईघाईनं म्हणाली.

"का ओळखू नये?"

हिस्केची मान लाल झाली. यिंतेची आई हातातल्या पेल्यात बघत राहिली. आणि मी सगळ्यांसमोर तो चेहरा घेऊन लटकत होतो. मला स्वतःहून गुंडाळून घेता आलं असतं तर! यिंतेनं दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि म्हणाली, "मी आता दवाखान्यात येणार नाही."

एनेआची बातमी तशीच राहिली. ओबेंनी मला उतरवलं, काखेत मारलं आणि घरी आणलं. "माझीच जीभ सैल," ते वाटेत पुटपुटले.

हृदय तपासायची वेळ आली. यिंतेनं दाराची चौकट धरून ठेवली, गाडीत बसेना. दुसऱ्यांदाही तेच. आईचा धीर सुटला. ही गोष्ट हिस्केच्या कानावर गेली, तेव्हा ती एकटीच इथे खोपटात आली. यिंते सायकलच्या चाकात हवा भरत होती. हिस्के तिच्यासमोर मातीत बसली.

"मी तुझ्या आईला विचारलं, तुला विचारलं नाही. चुकलं माझं."

यिंते हवा भरतच राहिली.

मग हिस्केनं एनेआबद्दल सांगितलं. तुझ्यासारखाच आहे, म्हणाली. पंप थांबला.

"त्याच्या पण डोळ्यांवर पट्टी आहे?"

"डॉक्टरांकडच्या फोटोत आहे."

"मग आम्ही एकमेकांना ओळखणार कसे? वेडेच आहात तुम्ही लोक!"

हिस्के खाली बघत म्हणाली, "आहोत खरे."

कोपऱ्यात ऐकत बसलेल्या ओबेंनी फळीवरची मोठी कात्री यिंतेला दिली. कात्री माझ्यावरच्या काळ्या पट्टीभोवती सरळ चालली. दुखलं नाही. यिंतेनं मला उचलून तोंडासमोर धरलं, आणि भोकातून तिचे स्वतःचे डोळे बाहेर आले. करडे, रागावलेले, थोडे हसरे.

"असा काढा फोटो. त्याला पाठवा. त्याचाही मागवा, उघड्या डोळ्यांचा. तो फोटो आला की मग बघू दवाखान्याचं."

एनेआचा फोटो आला. आठवडाभरात अंगणात गाडीचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला. चौकटीपाशी झटापट झाली नाही.

पट्टी गेली, पण व्हिएन्नात मी मिरवलो होतो ते काही कापता येत नाही. लाज वाटते. यंदाही कुणी तरुण शिष्यवृत्ती घेऊन निघेल, त्याचंही एक कापड छापलं जाईल. त्या तरुणाला माझं सांगणं आहे, बाबा रे, आधी त्या मुलासमोर जमिनीवर बस आणि विचार. मूल नाही म्हणालं, तर कापड कोरं राहू दे. कोऱ्या कापडाला कसलीच लाज नसते. मला विचार.