आईला कॉलेजात नेणारी खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची. आता म्हातारी झाले आहे, वळताना कुरकुरते. पण माझी पाठ अजून ताठ आहे.

कारखान्यात मला चाके बसवली, तेव्हा वाटले होते, आता जग बघायचे! पण मी दोन खोल्यांच्या एका घरात कपाटामागे घडी होऊन पडले. तिथे मायलेकी राहत. झटका येऊन आईची उजवी बाजू लुळी पडली होती. "मी नाही बसायची त्यात. लोक बघतील," आई म्हणायची.

मुलगी समाजकार्य शिकत होती. शिक्षणाचा भाग म्हणून ती दवाखान्यात जाई. "आजारी माणसाला घरात कोंडून ठेवू नका," असे लोकांना समजावी आणि घरी येऊन आईला घास भरवी. कॉलेजात मात्र तिने घराबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

दिवसा आईपाशी बसणाऱ्या शेजारच्या काकू एकदा लेकाकडे कायमच्या राहायला गेल्या. मुलीने कॉलेजातल्या बाईंना फोन केला, "बाई, मी कॉलेज सोडतेय." कारण काही सांगितले नाही. पण आईचे कान शाबूत होते.

सकाळी आई म्हणाली, "काढ ती खुर्ची. मीही येते तुझ्याबरोबर कॉलेजात. तू माझं नाव काढशील वाटलं होतं, तू तर कॉलेजातून नाव काढायला निघालीस!"

रस्ताभर आईची मान खाली होती. कॉलेजच्या पायऱ्यांशी वर्गातल्या चौघांनी आम्हाला उचलले. "अरे, जपून! मी काही पोतं नाही," आई म्हणाली. सगळे हसले, आणि तिची मान वर झाली.

वर्गात ती अडखळत बोलली, "खुर्चीत बसायची लाज मला. त्यापायी ही अडकली."

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "माझे बाबा रोज पिऊन येतात. मीही कधी सांगितलं नव्हतं." त्याच्यामागून आणखी दोघी बोलल्या. बाईंनी शिकवणे थांबवून सगळ्यांचे ऐकून घेतले.

त्यानंतर आईपाशी थांबायला मैत्रिणींनी पाळ्या लावल्या. मुलीने शिक्षण पुरे केले. पुढे कॉलेजने पायऱ्यांशेजारी उतार बांधला. त्यावरून पहिली मी चढले, मित्रांनो! आई बसलेली, लेक मागे. एवढा मान कुठल्या सिंहासनाला मिळाला असेल?

आता आई काठी टेकत चालते. लेक दवाखान्यात नोकरी करते आणि मीही तिथेच असते. कधी कोणी माझ्यावर ओल्या पिशव्या ठेवतात, चाके गंजतात. त्यांना थेंबभर तेल घालत जा. आणि बसलेल्याची विचारपूस कराच, पण मला ढकलणाऱ्यालाही एकदा विचारा, "तू जेवलास का?"