मयताच्या गाडीतून कामावर

रोज उजाडायच्या आत गुडघे टेकून मी देवाला एकच वचन देते: आज जिभेवर खोटं येऊ देणार नाही. त्या सकाळी ते वचन आम्हा सगळ्यांना चांगलंच भोवायची वेळ आली.

आम्ही काळ्यांनी गावातल्या बसमध्ये चढणंच बंद केलं होतं. पुढच्या दारात पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दारानं चढायचं आणि गोरा आला की जागा सोडायची. पुरे झालं होतं. चर्चमधली मंडळी आपापल्या गाड्यांतून आम्हाला कामावर सोडत, पण पोलीस काहीतरी चूक काढून त्यांचे परवाने जप्त करत. मग ब्रदर लुशस थ्रेडगिल, आमच्या मयतांचं सगळं बघणारा, मयताची गाडीच घेऊन आला.

"बसा गं बायांनो. फक्त तोंडं पाडून बसा!"

शवपेटीच्या जागी आम्ही घरकामवाल्या, डब्यांसकट. खिडक्यांना काळे पडदे. आमच्या अलाबामात मयत दिसलं की रस्ता थांबतो, टोप्या उतरतात. समोरून रिकामी बस आली, बाजूला थांबली. भर थंडीत मला मागच्या दाराला पिटाळणाऱ्या त्याच ड्रायव्हरनं टोपी छातीशी धरली. पडद्याच्या फटीतून बघतच राहिलो.

"सिस्टर ओझेला, मेलीस तरी हसू नकोस हं," शेजारची व्हर्डेल माझ्या कानात कुजबुजली, आणि स्वतःच फिसकन हसली.

चौकातला पोलीसही टोपी काढून उभा होता. हसण्याचा आवाज ऐकून त्यानं हात करून गाडी थांबवली, जवळ येऊन पडद्याशी वाकला.

"कोण गेलं, आंटी?"

लुशसनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. एकदाच खोटं बोल, बाई! त्याचा परवाना, आमची कामं, सगळं त्या नजरेत होतं.

"कुणीच नाही, साहेब," मी हळूच म्हणाले. "आम्ही कामाला चाललोय."

पोलीस लालबुंद झाला. त्याच्या मागे बस थांबलेली, फुटपाथवर गोरी मंडळी टोप्या हातात धरून उभी. आता आम्हाला उतरवलं, तर एवढ्या सगळ्यांनी कुणाला मान दिला ते सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं.

त्यानं हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"चला, निघा," तो दातओठ खात पुटपुटला. "आणि जरा रडा तरी!"

तेवढं मात्र आम्ही केव्हापासून करत होतो. हसू दाबून दाबून व्हर्डेलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.