घड्याळात गेलेले सेल

मित्रांनो, मी डोळे तपासण्याचे एक जुने यंत्र आहे. सेलूकडच्या एका लहान दवाखान्यात मला सगळे ‘डोळ्याची बॅटरी’ म्हणतात. माझ्या भिंगातून बाहुलीच्या आत, थेट मागच्या पडद्यापर्यंत दिसते. मेंदूकडे जाणारी नस तिथे दिसते. डोक्यातला दाब वाढला की ती सुजते.

पूर्वीचे डॉक्टर मला रोज वापरत. त्यांची बदली झाली आणि मी खणात पडले. माझे दोन्ही सेल कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळांत घातले. घड्याळे चालू लागली, मी आंधळे झाले. तो राग अजून गेलेला नाही.

मग माहेरी बाळंत झालेली वैष्णवी आली. “डोकं फुटायलंय. वाकलं की डोळ्यापुढं अंधार होतो.”

तिची आई कडूबाई म्हणाली, “वारं लागलंय. कानात कापूस घाल म्हणलं तर ऐकंना.”

बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पुन्हा आली, तेव्हा चष्म्याचा सल्ला मिळाला. मी हाताच्या अंतरावर होते. खण कुणी उघडला नाही.

पुढच्या खेपेला नव्या डॉक्टर राजेश्री होत्या. त्यांनी विचारले, “पाणी किती पिते?”

“घोटभर,” कडूबाई म्हणाली. “बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं. आमी बी असंच काढलं.”

मॅडमनी मला काढले, बटण दाबले. अंधार. त्या स्टुलावर चढल्या आणि घड्याळे उतरवली.

“मॅडम, टाइम कसा कळायचा?” दवाखान्यात काम करणाऱ्या बायनाबाई मावशींनी विचारले.

“हिची नजर गेल्यावर टाइम बघून काय करू, मावशी?”

घड्याळांतले सेल माझ्यात आले आणि माझा दिवा लागला. दोन्ही नसा सुजल्या होत्या.

“आत्ताच परभणीला न्या,” मॅडम म्हणाल्या.

“उद्या बारसं हाय. पाहुणे यायलेत,” कडूबाई म्हणाली.

“माय,” वैष्णवी हळूच म्हणाली, “मला लेकराचं तोंड बी धूसर दिसायलंय.”

कडूबाई उठली.

परभणीत मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ सापडली. अंगात पाणी कमी पडले की बाळंतिणीचे रक्त गोठण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करायची आणि दाब उतरवायची औषधे सुरू झाली. उजवा डोळा वाचला. डाव्याची कडेची नजर गेली, ती परत येणार नाही. पहिल्याच भेटीत माझ्यात सेल असते आणि कुणी मला बाहेर काढले असते, तर ती कदाचित राहिली असती.

मित्रांनो, बाळंतिणीला पोटभर पाणी द्या. डोकेदुखीबरोबर डोळ्यापुढे अंधार येत असेल तर डोळ्यांचा पडदा तपासायला सांगा. आणि माझ्या सेलना हात लावू नका.

घड्याळे बंद असल्याची तक्रार दुसऱ्याच दिवशी आली. मी बंद होते, तेव्हा एकही आली नव्हती.