उजवा कौल

माझ्या नवऱ्याच्या गोळ्या देवाने बंद केल्या, असे आमच्या घरात ठरले. मी तेव्हा पेडण्याला ऑफिसात होते. मला विचारायची गरज कोणालाच वाटली नाही.

साईश पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. गेल्या वर्षी एकाएकी त्याने अंथरूण धरले. ताप नाही, दुखणे नाही, नुसता छताकडे बघत पडलेला. गाव म्हणाला, अंगात आळस भरलाय. त्याचे काका शिवदास तर जेवणाआधीची मधुमेहाची गोळी खिशातून काढता काढता माझ्या तोंडावर म्हणाले, बायको पगार आणते, मग हा कशाला उठेल? मी दातओठ खात गप्प बसले, कारण काकांना उलट बोलले की सासूबाई रडायला लागतात.

शेवटी मीच त्याला म्हापशाला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी नीट समजावले. मेंदूत धावायला लावणारी रसायने असतात तशी थांबवणारीही असतात. त्यातले गाबा नावाचे रसायन नैराश्याच्या काही रोग्यांत कमी पडलेले दिसते. तेवढे एकच कारण नसते, पण मग एक विचार दुसऱ्याला ढकलत सुटतो, आत काही थांबत नाही आणि बाहेरून माणूस निपचित पडलेला दिसतो. साईशने कित्येक दिवसांनी मान वर केली.

"म्हणजे भरलेली गाडी उतारार, नि ब्रेकच लागना नाय," तो म्हणाला.

तसेच, बाई म्हणाल्या. दिलेल्यांपैकी एक गोळी त्या ब्रेकलाच बळ देणारी होती. ती आपल्या मनाने तोडायची नाही, असे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले.

हळूहळू तो माणसात आला. बाजारातून मासळी आणू लागला, चवथीनंतर कामावर जातो म्हणू लागला. आणि तिथेच काकांच्या पोटात दुखले. बरा झाला तर वेड्यांच्या गोळ्या कशाला? ते सासूबाईंना घेऊन देवळात गेले. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, उजवी पडली की होय. उजवी पडली. सासूबाईंनी गोळ्या लपवल्या, आणि देव बोलला म्हणून साईशनेही मान डोलावली.

थोड्याच दिवसांत त्याचे हात थरथरू लागले, झोप उडाली. एका सकाळी मी चहा दिला, तर कपाकडे बघत तो म्हणाला, "तनया, जगू नये असां माका परत वाटूक लागलां."

मी खोदून विचारले, तेव्हा मला गोळ्यांचे कळले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, त्याला एकटे सोडू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या. पण हा गाडीत बसेना. देवाचा शब्द मोडून गोळी घेणार नाही म्हणाला. शब्द देवाचा की काकांचा, असे मी ओरडले, तरी तो हलेना. तेव्हा मी म्हटले, चला, देवालाच परत विचारू. सासूबाई आणि काकाही आले.

सोवळ्यातला बाबली गुरव पाकळ्या भिजवत होता. काय विचारू, म्हणाला. मी काकांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. चुलतसासऱ्याच्या खिशात सुनेने हात घालावा, असे आमच्यात कोणी ऐकलेही नसेल. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी काढून मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली.

"बाबलीमामा, ह्यो गोळ्यो काकांनी बंद करूच्यो काय, तां विचारा."

बाबलीने माझ्याकडे बघितले, काकांकडे बघितले आणि पाकळी उचलली. देवाच्या अंगाला ती लागणार, एवढ्यात काका, गावाला सोवळे शिकवणारे काका, उंबरा ओलांडून आत गेले आणि त्यांनी गुरवाचे मनगट धरले.

"थांब रे. असलां देवाक विचारूचां नसता. त्यो डॉक्टरान दिलल्यो आसत."

मला खूप बोलायचे होते, जन्मभराचे साठलेले. पण त्याआधी साईशने आईपुढे हात केला.

"आये, माझ्यो गोळ्यो दी."

सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि पट्टी त्याच्या हातावर ठेवली. मी त्याला धरून गाडीकडे नेले. काकांची पट्टी अजून उंबऱ्यावरच होती. ती मी उचलून दिली नाही.