मागच्या खोलीचा न्याय

सरांच्या पुस्तकांनी आधी मागच्या खोलीच्या भिंती धरल्या, मग खिडकी झाकली, मग पलंगावर ठाण मांडलं. शेवटी पलंग विकला गेला. सगळी पुस्तकं गुन्हा, शिक्षा आणि समाज यांवरची. तुरुंग का भरतात, ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कोर्टात कोणी विचारतं का, गल्लीतलं भांडण गल्लीनंच कसं मिटवावं. सरांचं उभं आयुष्य यात गेलं. ते म्हणत, शिक्षा काय द्यायची हे नंतर. नुकसान कोणाचं झालं ते आधी विचारा. हे ऐकायला लांबून माणसं येत, आणि त्यांना चहा देता देता सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ते तोंडपाठ झालं होतं.

गेलं वर्षभर काकूंचं एकच मागणं होतं. त्यांची थोरली बहीण, ताई, खुब्याच्या ऑपरेशननंतर एकटी पडली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिला इथं आणायचं आणि मागची खोली द्यायची. विषय काढला की सर चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "बघू. एवढं प्रकरण हातावेगळं होऊ दे." प्रकरण म्हणजे ते लिहीत असलेल्या पुस्तकाचं. एक संपलं की दुसरं उभंच. काकूंना कधी कधी वाटे, आपण कोणाचं पाकीट मारलं असतं तर या माणसानं समोर बसवून आपलं सगळं ऐकून घेतलं असतं.

काकूंनी काही देव पाण्यात घातले नव्हते, पण पुस्तकं मात्र पाण्यात गेली. वरच्या मजल्यावरच्या सुताराच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, त्याच्या घरात कोणी नाही, आणि मागच्या खोलीच्या छतातून धार लागली. दोघांनी मिळून पुस्तकं बाहेर काढली. सोफ्यावर, फ्रिजवर, गॅसच्या ओट्यावर, जिथं तिथं पानं उघडून वाळत ठेवलेली. जेवायला बसायचं तर आधी जन्मठेप बाजूला सारावी लागे.

"पोलिसांतच देतो त्या सुताराला," सर म्हणाले.

काकूंनी फडकं बादलीत पिळलं. "आणि मग तुमच्या भाषणांचं काय करायचं?"

सर वरमले. काकूंनी खोली पुसून काढली आणि खिडकी उघडली. कित्येक वर्षांनी तिथं ऊन आलं होतं. पलंग या भिंतीला, औषधांचं टेबल त्या कोपऱ्यात, असं त्यांनी मनातल्या मनात मांडूनही टाकलं.

"अहो, खोली रिकामी झालीच आहे तर ताईला..."

"अगं, आधी या सुताराचं मिटू दे."

ते मिटवायला सरांनी रविवारी मंडळ बसवलं. ही त्यांची जन्मभराची पद्धत. सगळ्यांनी गोल बसायचं, एक गुळगुळीत गोटा हातोहात फिरवायचा, ज्याच्या हातात गोटा त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. आणि सगळे हो म्हणेपर्यंत निकाल नाही. सुतार आला, त्याची बायको आली, आणि समाज म्हणून समोरच्या दारातली नर्स आली. खुर्च्या सरांनी स्वतः मांडल्या. काकूंची मांडली नाही. त्या काय, स्वयंपाकघरातून ये-जा करणार.

सरांनी गोटा बराच वेळ सोडला नाही. सुताराच्या हातात आला तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माझीच. सर, त्या खोलीत मी तुम्हाला कपाटं करून देतो. चारी भिंतींना, पार छतापर्यंत. वरून पाणी पडलं तरी आत थेंब जाणार नाही. मजुरी नको."

सरांचे डोळे भरून आले. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात न्याय." नर्सनं मान डोलावली. सुतारानं खिशातून टेप काढला आणि गोटा टेबलावर ठेवून तो मागच्या खोलीकडे वळला.

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि गोटा उचलला.

"अगं, तू कशाला..."

"सर," नर्स हळूच म्हणाली, "गोटा काकूंकडे आहे."

काकू उभ्याच होत्या, बसायला जागा नव्हती. "नुकसान कोणाचं झालं ते आधी विचारायचं ना? मग मला विचारा. माझी बहीण वर्षभर भिंत धरून बाथरूमला जाते. मागच्या महिन्यात पडली, दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमच्या हातात पेन्सिल होती. तुम्ही 'हं' म्हणालात आणि खूण केलीत. मला वाटलं, माझ्या बोलण्याची केलीत. नंतर बघितलं तर पुस्तकातल्या ओळीखाली रेघ होती." त्यांनी गोटा दुसऱ्या हातात घेतला. "सगळे हो म्हणेपर्यंत निकाल नाही म्हणता. माझं 'नाही' आहे."

त्यांनी गोटा सरांच्या हातात दिला. ऐकून घेणं या विषयावर चार पुस्तकं लिहिलेला माणूस तो गोटा नुसताच फिरवत राहिला. सगळे वाट बघत होते. काकूही बघत होत्या, आणि याचा त्यांना स्वतःचाच राग येत होता.

"ते सगळं ठीक आहे," सर शेवटी म्हणाले, "पण पुस्तकं कुठं जातील?"

सुताराची बायको पदराशी चाळा करत खाली बघत राहिली.

"त्यांचंही एक मंडळ बसवा," काकू म्हणाल्या. "बोलू दे त्यांना एकेकाला."

खोलीच्या दारात सुतार टेप हातात घेऊन अवघडून उभा होता. त्यानं विचारलं, "काकू, पलंग केवढा करू?"

"उंच कर. तिला वाकता येत नाही."

तो माप घेऊ लागला. काकू त्याच्या शेजारी ओलसर फरशीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला. "ताई, सामान बांधायला घे. मी न्यायला येते."

पलीकडून ताई म्हणाली, "अगं, पण सरांना विचारलंस का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "सांगितलं."